पडायला शिकवणारा वर्ग : बेळगावातील आयकिडो प्रशिक्षणाविषयी

बेळगावात कराटे आणि तायक्वांदोचे वर्ग जागोजागी आहेत, जुन्या तालमींची परंपरा टिकून आहे आणि आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्तीचे मैदान भरले की पंचक्रोशीतून माणसे लोटतात. अशा शहरात, जिच्या मुख्य प्रवाहात स्पर्धाच होत नाहीत, पदके मिळत नाहीत आणि समोरच्याला शक्यतो इजा न करता आवरणे हेच ज्या युद्धकलेत कौशल्य मानले जाते, तिचा वर्ग टिकेल का, अशी शंका कोणालाही येईल. टिळकवाडीतील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एरवी छोट्या समारंभांसाठी दिल्या जाणाऱ्या सभागृहात आयकिडोचा असा एक वर्ग चालतो. चाळिशी ओलांडल्यानंतर, अंगात कोणत्याही खेळाची पूर्वतयारी नसताना मी तेथे नाव घातले आणि पहिल्या परीक्षेपर्यंत पोहोचलो. वर्ग लहान आहे, शिकवणारे एकच गृहस्थ आहेत आणि पुढे काही उणिवांविषयी स्पष्ट लिहायचे आहे, त्यामुळे वर्गाचे नाव येथे देणे मला योग्य वाटत नाही. खरी इच्छा असणाऱ्याला तो सापडणे अवघड नाही.

वर्गाच्या पत्रकावर या कलेचे वर्णन ‘शांततेची युद्धकला’ असे केलेले आहे आणि त्या वर्णनामुळे येणाऱ्या मंडळींचे दोन गट पडतात. काही जण हा योगासनांचाच एखादा जपानी प्रकार असावा अशा समजुतीने येतात, तर काहींना रस्त्यात कोणी अंगावर आले तर त्याला चार पावलांवर भिरकावण्याची युक्ती हवी असते. पहिल्या काही दिवसांतच दोघांचाही विरस होतो आणि बरेच जण गळतात. पत्रकात दोन ओळी इतिहासाच्या घातल्या असत्या तर ही गळती थोडी कमी झाली असती, असे मला वाटते, कारण या कलेचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) हे काही मवाळ गृहस्थ नव्हते. दाइतो र्यू या जुजुत्सूच्या कडक परंपरेचे शिक्षण त्यांनी होक्काइदो बेटावर ताकेदा सोकाकू यांच्याकडे घेतले, आणि १९३१ मध्ये तोक्योत त्यांनी उघडलेल्या दोजोला, म्हणजे सरावगृहाला, तेथील मेहनत पाहून लोक ‘नरक दोजो’ म्हणू लागले होते. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १९३० मध्ये त्यांची विद्या प्रत्यक्ष पाहिली आणि आपले शिष्य त्यांच्याकडे शिकण्यासाठी धाडले. ओमोतो या पंथाचे देगुची ओनिसाबुरो यांच्या सहवासात उएशिबांच्या विचारांना आध्यात्मिक वळण लागले, १९४२ मध्ये ‘आयकिडो’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारले गेले, आणि युद्धानंतर त्यांचे चिरंजीव किश्शोमारू यांच्या प्रयत्नांनी ही कला सामान्य माणसांपर्यंत आणि जपानबाहेर पोहोचली. शांततेचा आग्रह ज्याने धरला, त्याला मारामारी उत्तम येत होती, ही गोष्ट नवशिक्याने आरंभीच लक्षात घेतलेली बरी.

या वर्गाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे येथे पडण्याला दिलेला वेळ. जपानी भाषेत याला उकेमी म्हणतात. कित्येक शिक्षक पहिल्याच दिवशी मनगट पिरगाळण्याचा एखादा चटकदार डाव शिकवून नव्या माणसाला खूश करतात. येथे तसले काही घडत नाही. सुरुवात जमिनीवर बसूनच होते. हनुवटी छातीला लावून, पाठीची कमान करून, बसल्या जागी मागे-पुढे डोलायचे. ते अंगवळणी पडले की उकिडवे बसून, मग एका गुडघ्यावर येऊन आणि अगदी शेवटी उभे राहून. पुढे लोळताना करंगळीच्या बाजूने हाताची कड आधी मॅटला टेकते, तेथून कोपर, मग खांदा, आणि पाठीवरून तिरपे जात शरीराचा भार विरुद्ध बाजूच्या कमरेवर उतरतो. डोके आणि मान यांचा जमिनीशी संबंधच येऊ द्यायचा नाही. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रौढ माणसाचे शरीर पडण्याच्या कल्पनेनेच ताठ होते, हात आपोआप आधारासाठी पुढे येतो आणि मनगट किंवा खांदा दुखावण्याची वेळ येते ती नेमकी अशाच क्षणी. शिक्षक प्रत्येकाच्या शेजारी गुडघे टेकून बसतात, खांद्याला हात लावून दिशा दाखवतात आणि भीती गेल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ देत नाहीत. माझ्याबरोबर आलेली दोन महाविद्यालयीन मुले या संथपणाला कंटाळून लवकरच दिसेनाशी झाली. मला मात्र घेतलेल्या शुल्काचे पुरेपूर मोल याच भागात मिळाले. बेळगावच्या पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर ज्याचा पाय घसरला आहे, त्याला या विद्येची उपयुक्तता वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पडण्याबरोबरच उभे राहण्याचे आणि वळण्याचे पाठ सुरू होतात. एक पाय पुढे ठेवून तिरपे उभे राहणे म्हणजे हानमी, समोरच्याच्या रेषेतून किंचित बाजूला होत आत शिरणे म्हणजे इरिमी, आणि पुढच्या पायावर फिरून त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहणे म्हणजे तेनकान. कोणी मनगट धरले असता हात सोडवण्यासाठी ओढाताण न करता आपणच जागा बदलायची, ही सगळ्या डावांची बैठक आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळ खाते. पाचव्या क्यु या पहिल्या श्रेणीसाठी डाव फारसे नसतात: डोक्यावर येणाऱ्या घावावर इक्क्यो आणि इरिमीनागे, धरलेल्या मनगटावरून शिहोनागे, दोन्ही मनगटे धरली असता तेनचीनागे, आणि गुडघ्यांवर बसून करायचा कोक्यूहो. तोक्योतील आयकिकाई या आयकिडोच्या मुख्य संस्थेच्या नियमांत या श्रेणीसाठी सरावाचे किमान ३० दिवस धरलेले आहेत. आठवड्यातून तीन वेळा येणाऱ्याला अडीच महिन्यांत ते भरतात. येथील शिक्षक त्यापेक्षा बराच अधिक काळ घेतात आणि घाई करणाऱ्याला परीक्षेला बसवत नाहीत. काहींना हे आवडत नाही. मला ते रास्त वाटले.

सरावाची रीत जुनीच आहे. शिक्षक एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्यावर डाव करून दाखवतात, बोलतात फार थोडे, आणि मग सगळे जोडीने तोच डाव करतात. दोनदा उजवीकडून, दोनदा डावीकडून, आणि नंतर भूमिका बदलायच्या. आता ज्याने फेकले, त्यानेच लगेच हल्ला करायचा आणि पडायचे. डाव करणारा तो नागे, हल्ला करून पडणारा तो उके. कुस्तीत पाठ लागली की निकाल झाला. येथे पाठ लागलेला माणूस उठतो, पुन्हा मनगट धरतो आणि कोण जिंकले हा प्रश्नच उरत नाही. तालमीत घडलेला वडगावचा एक तरणाबांड मुलगा आमच्या वर्गात होता, आणि त्याच्या खांद्यांपुढे आमच्यापैकी कोणाचाही डाव चालत नसे, कारण कोणत्या बाजूला जोर येणार हे त्याला आधीच कळायचे आणि तो तिकडचा पाय रोवून उभा राहायचा. शिक्षकांनी त्याला एकदाही अडवले नाही. जोर लावून उभ्या असलेल्या माणसाशी जोराने झगडू नका, त्याने ज्या बाजूला भार टाकला आहे तिकडूनच वाट काढा, एवढेच ते आम्हाला सांगत राहिले, आणि त्यालाही हळूहळू कळले की दुसऱ्याला अडवून धरण्यात त्याचा स्वतःचा सराव होत नाही. पुढे तोच सर्वांत चांगला उके झाला. तालमीतला माणूस पडायला घाबरत नाही, हा त्याचा फायदा होताच.

शांततेची कला म्हणून जे सांगितले जाते त्याची परीक्षा या जोडीच्या सरावातच होते, आणि कोणत्याही आयकिडो वर्गाचे मोजमाप करायचे असेल तर ते येथेच करावे, असे माझे मत झाले आहे. हे डाव दुखतात. निक्योमध्ये वाकवलेले मनगट पिळले जाते आणि करंगळीच्या बाजूने कळ अशी उठते की धिप्पाड माणूससुद्धा गुडघ्यावर येतो. शिहोनागेत तर पडणाऱ्याचा हात त्याच्याच खांद्यामागे दुमडलेला असतो. अशा वेळी फेकणाऱ्याने हात बाहेरच्या दिशेने ओढला तर कोपर आणि खांद्यावर ताण येतो, आणि झटक्याने खाली आणला तर नवशिक्याचे डोके मागे आपटू शकते. म्हणजे समोरच्याचे शरीर काही क्षण पूर्णपणे आपल्या हातात असते आणि ते त्याने विश्वासाने दिलेले असते. उकेने मॅटवर थाप मारली की त्याच क्षणी सोडायचे, नव्या माणसाला त्याच्या पडण्याच्या तयारीपलीकडच्या वेगाने फेकायचे नाही, आणि शेजारची जोडी कोठे आहे हे पाहिल्याशिवाय कोणालाही त्या दिशेला लोटायचे नाही, हे तीन नियम या वर्गात अतिशय कडकपणे पाळले जातात. एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने थाप ऐकूनही क्षणभर पकड धरून ठेवली, तेव्हा शिक्षकांनी आवाज न चढवता त्याला उरलेला वेळ बाजूला बसवले. परवचा, प्रवचने, दिव्यांची आरास यांपैकी काही नसताना ही कला शांततेची कशी, याचे उत्तर मला त्या शिस्तीत मिळाले.

दुसरी उल्लेखनीय गोष्ट म्हणजे वर्गाची भाषा. शिक्षक मराठीत सुरुवात करतात, मध्येच कन्नडमध्ये जातात, कॅम्प भागातून येणाऱ्या मुलांसाठी हिंदी वापरतात आणि आकडे मात्र जपानीतच मोजले जातात. सुरुवातीला ‘ओनेगाई शिमास’ आणि शेवटी ‘आरिगातो गोझाइमाश्ता’ म्हणून वाकून नमस्कार होतो. वीरासन की वज्रासन हा वाद न घालता सांगायचे तर बसण्याची पद्धत आपल्या वज्रासनासारखीच आहे, त्यामुळे सत्यनारायणाला मांडी घालून दोन तास बसणाऱ्यांनाही येथे पहिल्या पाच मिनिटांत पायांना मुंग्या येतात. डावांची नावे भिंतीवरील तक्त्यावर मराठी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत लिहिलेली आहेत. सीमाभागात पाटीवरील लिपीवरून काय काय घडते हे येथील वाचकांना सांगायला नको. या तक्त्याबाबत आजवरची तक्रार एवढीच आहे की शिहोनागेचे कन्नड स्पेलिंग कोणीतरी दोनदा बदलून ठेवले आहे.

आता उणिवांकडे वळतो. सर्वांत मोठी उणीव मॅटची आहे. एक मीटर चौरसाचे, दातेरी कडांनी एकमेकांत अडकणारे फोमचे तुकडे येथे अंथरले जातात. सभागृह इतरांनाही दिले जात असल्याने ते रोज काढावे आणि मांडावे लागतात, त्यामुळे कडा सैल झाल्या आहेत आणि वेगाने वळताना पायाचा अंगठा फटीत अडकतो. जाडीही कमी आहे; मऊ लोळण्यासाठी ती चालते, उंचावरून पडण्यासाठी नाही, आणि त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्यांना मोठ्या फेकी मोकळेपणाने करता येत नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात दमटपणामुळे मॅटला कुबट वास येतो. जंतुनाशकाने पुसण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवलेले आहे, ते काही दिवस होते आणि काही दिवस राहून जाते. जेथे सगळे अनवाणी असतात आणि तोंड वारंवार मॅटजवळ जाते, तेथे ही ढिलाई चालू नये. कपडे बदलण्यासाठी एकच खोली आहे, आणि स्त्रिया व पुरुष यांनी आळीपाळीने ती वापरायची असा तोडगा काढलेला आहे. मुली संख्येने कमी असण्याचे हेही एक कारण असावे. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट चांगली आहे: पालकांना किंवा घरच्या कोणालाही संपूर्ण वेळ बाकावर बसून सराव पाहण्याची मुभा आहे, आणि जोडी कोणाशी लावायची याबाबत मुलीचा शब्द अखेरचा मानला जातो.

दुसरी उणीव शिकवण्यातली आहे आणि तिच्याविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो. सहकार्यावर एवढा भर दिल्यामुळे काही जुने विद्यार्थी डाव पुरा होण्यापूर्वीच स्वतःहून पडतात. नवशिक्याला त्यामुळे आपल्याला डाव जमला असे वाटते, आणि तो समज घेऊन तो तालमीतल्या मुलापुढे उभा राहिला की फजिती होते. उकेने नागेची काळजी घ्यावी, पण त्याला खोटा दिलासा देऊ नये, ही मर्यादा शिक्षकांना स्वतःला उत्तम समजते. वर्गात गर्दी झाली की मात्र त्यांचे लक्ष सगळीकडे पोहोचत नाही आणि ज्येष्ठांच्या हाती नवे लोक सोपवले जातात. एकाच वेळी आठवडाभराचा नवशिक्या आणि पाच वर्षे शिकत असलेला विद्यार्थी असणे ही लहान गावातल्या वर्गाची अपरिहार्यता आहे, हे मान्य करूनही आठवड्यातील एक दिवस केवळ नव्या लोकांसाठी ठेवता आला असता.

स्वसंरक्षणाबाबत शिक्षक प्रामाणिक आहेत. एक-दोन वर्षांच्या सरावाने चाकूधारी माणसाला आवरता येईल, असे आश्वासन ते देत नाहीत. उलट अंतर राखणे, लवकर दूर होणे आणि घाबरून न गोठणे एवढ्यावरच बोलतात. लाकडी सुऱ्याचा, ‘जो’ नावाच्या काठीचा आणि बोक्केन या लाकडी तलवारीचा सराव महिन्यातून काही वेळा होतो. काठी साधारण १२८ आणि तलवार १०२ सेंटिमीटर लांबीची असते, आणि जपानमध्ये त्यासाठी ओकचे लाकूड वापरतात. येथे सुताराकडून घडवून घेतलेली हत्यारे वापरतात. घेणाऱ्याने लाकडाचे रेषे सरळ आहेत आणि कोठे तडा नाही हे पाहूनच घ्यावे, कारण एकमेकांवर आपटून तुटलेली फांक डोळ्यात जाऊ शकते. मुलांच्या तुकडीला सांधे पिळण्याचे डाव शिकवले जात नाहीत, त्यांच्याकडून लोळणे, तोल राखणे आणि पळापळीचे खेळ करून घेतात. वाढत्या वयात सांध्यांवर ताण नको, हे कारण मला पटले, जरी बऱ्याच पालकांना कराटेसारखी ‘प्रगती’ दिसत नसल्याची खंत असते.

मासिक शुल्क शहरातील कराटेच्या वर्गांच्या आसपासच आहे. पहिले काही दिवस ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चालतो. पांढरा गणवेश नंतर घ्यावा लागतो, आणि ज्युदोचा जाड कापडाचा घेतला तर तो अधिक टिकतो, कारण ओढाताणीत कराटेच्या पातळ गणवेशाचे खांदे उसवतात. काळा घेरदार हाकामा पाहून भुलणाऱ्यांनी तो विकत घेण्याची घाई करू नये. येथे तो ‘दान’ म्हणजे काळ्या पट्ट्याच्या श्रेणीनंतरच घालायला मिळतो. परीक्षेचे शुल्क वेगळे आहे आणि ते आधी कोठेही लेखी दिलेले नाही, ही मात्र निश्चितच चूक आहे. विचारल्यावर सरांनी सगळे नीट सांगितले, पण विचारावे लागू नये. त्याचबरोबर दान श्रेणीचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेकडून येणार हेही प्रत्येकाने प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे. क्यु श्रेण्या स्थानिक पातळीवर दिल्या जातात, आयकिकाईशी जोडलेल्या वर्गांत दान श्रेणीची नोंद तोक्योला होते, आणि जेथे शिक्षक स्वतःच्या सहीनेच काळे पट्टे वाटतात तेथे सावध राहिलेले बरे.

गुडघे दुखणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. गुडघ्यांवर चालण्याचा शिक्को हा व्यायाम आणि बसून करायचे डाव या कलेत बरेच आहेत, आणि ते टाळण्याची सवलत येथे मागितल्यास मिळते. न सांगता सोसत राहिल्यास कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याला लवकर घाम गाळून वजन उतरवायचे आहे, किंवा ज्याच्या मुलाला स्पर्धांत नाव काढायचे आहे, त्याने इकडे येऊ नये. ज्युदो आणि कुस्ती त्यांच्यासाठी अधिक योग्य आहेत. तोमिकी शाखेच्या आयकिडोत स्पर्धा होतात, पण हा वर्ग त्या शाखेचा नाही. पन्नाशीच्या आसपासच्या, अंग जड झालेल्या आणि तरुण मुलांच्या जिममध्ये अवघडून जाणाऱ्या माणसाला मी हा वर्ग निःशंकपणे सुचवेन, फक्त त्याने पावसाळ्यात प्रवेश घेऊ नये, मॅटची अवस्था तेव्हा सर्वांत वाईट असते.

सराव संध्याकाळी सात वाजता सुरू होतो. नखे कापलेली नसतील तर दारातच नेलकटर हातात दिले जाते. उशिरा येणाऱ्याने मॅटच्या कडेला बसून राहायचे आणि सरांनी खूण केल्यावरच आत यायचे असा नियम आहे, त्याला अपवाद नाही. तेव्हा रुळांपलीकडून येणाऱ्यांनी रेल्वे गेट बंद मिळणार हे धरूनच घरून निघावे.